शेंदराचा बोल्ट

मित्रांनो, शाळा सुटली की ज्या जुन्या मोटारीत घुसून तुम्ही पों-पों करता ना, ती मीच! माझी चाकं गेली, मी विटांवर उभी आहे. मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालते. घालू दे बापडी, माझं काय जातं! पण आज जरा तो हॉर्न सोडा आणि माझं ऐका. कित्येक वर्षं एक गोष्ट माझ्या मनात सलते आहे.

माझा जन्म विलायतेतला. जहाजातून मी मुंबईला आले आणि तिथून नागपूरला एका साहेबाच्या बंगल्यावर. सत्तेचाळीस साली साहेब चंबूगबाळं आवरून मायदेशी गेला, आणि मला गोंदियाजवळच्या कामठा गावच्या भोजराज पाटलांनी विकत घेतलं. गावात मोटार पहिलीच. माझी काय ऐट होती म्हणून सांगू! मी बंद उभी असले तरी कोणी माझ्या समोरून जात नसे. लोक मागून वळसा घालत. न जाणो, आपसूक सुटली तर?

मला चालवायला पाटलांनी केवलरामला ठेवलं. लढाईच्या काळात फौजेचा ट्रक चालवून आलेला गडी. आमच्या भागात मोहाच्या दारूला तोटा नाही, पण हा माणूस थेंबाला शिवत नसे. म्हणायचा, "मशीन अन् दारू एका हातात नाही धरता येत जी." पहाटे तो मला फडक्यानं पुसायचा, तेव्हा मला लेकराला आईनं न्हाऊ घालावं तसं वाटायचं. खरं सांगते.

पहिला दसरा आला. पाटलांची आई सुमित्राबाई ताट घेऊन आल्या. सारं गाव त्यांना माय म्हणे. त्यांनी माझ्या चाकांना हळद-कुंकू लावलं आणि विचारलं, "केवलराम, हिचा जीव कुठी असते रे?"

केवलरामनं पायाखालची फळी उचलून बॅटरी दाखवली. "इथून जीव निघते माय, अन् ह्या बोल्टातून मंग परत येते."

झालं! मायनं तेलात शेंदूर कालवला आणि त्या बोल्टाला लावून हात जोडले. बॅटरीची जाड पट्टी तिथंच माझ्या सांगाड्याला कसलेली होती. त्या दिवसापासून तो बोल्ट माझा देव झाला. आणि मित्रांनो, देव झालेल्या वस्तूला आपल्याकडे कोणी पाना लावत नाही.

कामठा ते गोंदिया रस्ता तेव्हा असा, की बैलसुद्धा शिव्या देतील. हादऱ्यांनी माझे सगळे बोल्ट सैल व्हायचे. केवलराम दर आठवड्याला ते कसायचा. फक्त शेंदराचा तेवढा सोडायचा. तो ढिला होत गेला आणि तेल-शेंदूर हळूहळू पट्टीच्या खाली शिरून वीज अडवू लागला. पाच-सहा वर्षांनी माझं दुखणं सुरू झालं.

दुखणं तरी कसं? सरळ नाहीच! तीन दिवस मी पहिल्या दाबाला सुरू, चौथ्या दिवशी ढिम्म. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करायची पायाजवळची कळ, दाबला की नुसतं 'टक्' आणि दिवे गपकन विझायचे. केवलरामनं नवी बॅटरी बसवली. प्लग साफ केले, तारा बदलल्या. गोंदियाला भैय्यालाल मिस्त्रींकडे नेलं, तर रस्त्याच्या हादऱ्यानं पट्टी जागेवर बसलेली. तिथं मी एका दाबात सुरू! मिस्त्री हसून पाटलांना म्हणाले, "गाडी एकदम चोखी है पाटीलजी. ड्राइवर देख लो."

ते एक वाक्य पाटलांच्या मनात रुतून बसलं. इकडे मी बंद पडले की माय घाबरायच्या. "देव कोपला वाटते," म्हणून दर अमावस्येला शेंदराचा नवा थर द्यायच्या. जितका शेंदूर जास्त, तितकी मी बंद. आणि जितकी मी बंद, तितका शेंदूर जास्त! मला सगळं कळत होतं हो, पण लोखंडाला तोंड कुठलं?

छप्पन साली, उन्हाळ्यात, पाटलांच्या लेकीला बघायला पाहुणे आले. परतीच्या रेल्वेसाठी त्यांना गोंदियाच्या स्टेशनावर पोहोचवायचं होतं. सगळे येऊन बसले, केवलरामनं सेल्फ दाबला. टक्!

"काऊन रे? काय झालं?" पाटील ओरडले.

"चालू होऊन नाही राहिली मालक. हँडल मारतो."

केवलराम धावत पुढे आला. हँडल मारताना, म्हणजे पुढून लोखंडी दांडा घालून इंजिन हातानं फिरवताना, अंगठा चारी बोटांच्या बाजूला ठेवायचा असतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण पाहुण्यांसमोरची घाई! त्यानं मूठ आवळली, झटका दिला, आणि माझं इंजिन उलटं फिरलं. हँडल त्याच्या उजव्या मनगटावर आदळलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो कळवळत, झोकांड्या खात छपरीच्या खांबाला टेकला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

पाटील रागानं माझ्यात शिरले आणि त्यांनी सेल्फवर पाय दिला. त्या झटक्यानं पट्टी हलली असणार. मी घुर्रकन सुरू झाले.

मेली मी का सुरू झाले त्या वेळी!

"पाहा! मी दाबलो त चालू झाली," पाटील पाहुण्यांना म्हणाले. मग केवलरामवर कडाडले, "पिऊन आला तू! उभा राहता येते का तुले? उद्यापासून दारात दिसू नको." चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! केवलराम आयुष्यात पहिल्यांदा दारुडा ठरला, तोही भर अंगणात.

त्यानंतर मी छपरीतच राहिले. कधी सुरू, कधी बंद. पाटील कंटाळले. माझं इंजिन काढून धानाच्या गिरणीला जोडायचं त्यांनी ठरवलं. इंजिन काढायच्या आदल्या दिवशी दुपारी केवलराम स्वतःचा तांब्या आणि घोंगडी न्यायला आला. ती माझ्या सीटखालीच राहिली होती. हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. घोंगडी काढली आणि तो क्षणभर सीटवर बसला. मग सेल्फ दाबला. टक्. परत दाबला. टक्. आणि दाबूनच धरला.

तेल जळल्याचा वास आला. त्यानं फळी उचलली आणि डाव्या हातानं एकेक जोड चाचपला. थंड, थंड, थंड. शेंदराच्या बोल्टाला बोट लागलं तसं चटकन मागे घेतलं. अडलेल्या विजेनं इतका तापला होता तो!

केवलराम खाली वाकला. मग हात जोडता येत नव्हते म्हणून त्यानं कपाळ टेकवलं. "माफ कर गा देवा," म्हणाला. डाव्या हातानं बोल्ट खोलला आणि विळ्याच्या पाठीनं थरावर थर खरवडले. खालचं लोखंड चांदीसारखं लखलखलं. पट्टी कसून त्यानं सेल्फ दाबला. मी अशी गर्जले की कणगीवरचे पारवे उडाले! बंद केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सुरू. दहा वेळा.

आवाजानं पाटील आणि माय दोघंही बाहेर आले.

"कसं काय चालू झाली रे?" पाटलांनी विचारलं.

केवलरामनं मायकडे पाहिलं. जमिनीवर सांडलेला शेंदूर त्यानं पायानं मातीत सारला. "अशीच झाली मालक. आपोआप." मित्रांनो, एका वाक्यात त्याचा डाग धुऊन निघाला असता. पण ते वाक्य त्या म्हातारीला लागलं असतं.

मायची नजर अजून तेज होती. त्यांनी त्याची लाल झालेली बोटं पाहिली, मातीकडे पाहिलं, मग शेंदूर निघालेला बोल्ट पाहिला. त्या केवलरामजवळ आल्या.

"खोटा कायले बोलतं बाबू? माझा शेंदूर आहे तो." मग लेकाकडे वळल्या. "याचा हात मी मोडला, भोजराज. माझ्या भक्तीनं मोडला. पन याले दारुडा तू म्हनला. अंगनात म्हनला, आता अंगनातच माफी माग."

पाटील अंगणाच्या मधोमध आले. मग चार गडी-माणसांसमोर म्हणाले, "चुकलो केवलराम. उद्यापासून ये."

तो आला. पण मनगट वाकडं बसलं ते बसलंच. माझं स्टेअरिंग वळवताना तो दात-ओठ खायचा आणि मला अजून शरम वाटते. मी थकेपर्यंत त्यानंच मला चालवलं. त्या दिवसापासून मी एकदाही रुसले नाही.

मित्रांनो, मशीनला हात जोडा, ना नाही. पण ते हात आधी कामाला लावा. जोड पुसा, बोल्ट कसा. आणि ज्याच्या हातून एखादी गोष्ट चालत नाही, त्याला खोटा म्हणण्याआधी खाली वाकून एकदा बघा.

माय अजूनही दसऱ्याला ताट घेऊन माझ्याकडे येतात. कुंकू माझ्या कपाळाला, बोल्टाला काही नाही. मग त्या केवलरामला हाक मारतात आणि जवळ बसवतात. वाटीतलं तेल कोमट करून आणलेलं असतं. ते सगळं त्याच्या वाकड्या मनगटाला चोळतात.