पेटीच्या सांदीतलं विरजण

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. परभणीत व्यंकटराव गुरुजींच्या बैठकीत माशांची मोठी टाकी आहे, तिच्या खालच्या कपाटात मी राहते. येणारे-जाणारे टाकीपाशी थांबतात. माझ्याकडे कोणी वाकून बघत नाही, आणि बघण्यासारखी मी नाहीच. खिडक्यांच्या उरलेल्या काचा जोडून महारुद्र मिस्त्रीने मला घडवलं. टाकीतलं घाण पाणी माझ्यात उतरतं, स्पंजातून आणि मातीच्या बारक्या कड्यांतून गाळलं जातं, मग पंप ते वर चढवतो. पाच वर्षं हेच केलं. पाणी नितळ दिसलं की गुरुजी म्हणायचे, "शाबास गं." तेवढं मला पुरायचं.

टाकीतले दोन सोनेरी मासे गुरुजींच्या मुलीचे, श्रीनिधीचे. नोकरीसाठी हैदराबादला जाताना तिने एवढंच मागितलं होतं, "बाबा, यांना सांभाळा." मासे वीतभर वाढले आणि माझी दमछाक व्हायला लागली. म्हणून यंदा तिने एक कॅनिस्टर फिल्टर पाठवला. झाकण घट्ट बसणारा काळा डबा, एक नळी पाणी ओढणारी, एक सोडणारी. मला वाटलं, आपली रवानगी आता भंगारात. पण ती फोनवर म्हणाली, "पेटी काढू नका बाबा. दोन्ही शेजारी चालू द्या." त्या शब्दांसाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

गुरुजींनी मात्र तीस वर्षं शाळेत पोरांची नखं तपासलेली. नवा पाहुणा येणार म्हटल्यावर घर लख्ख नको का? त्यांनी माझे स्पंज आणि कड्या काढून सोड्याच्या उकळत्या पाण्यात घासल्या. तपकिरी चिकटा गेला, आणि त्यात राहणारे, माशांच्या घाणीतलं विष पचवणारे बारीक जीवही गेले. फक्त कड्यांची एक जाळीची पिशवी पंपामागच्या सांदीत अडकून होती, तिथे गुरुजींचा हात पोचला नाही.

डबा जोडला. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. गुरुजी मुलीचा नंबर लावायचे आणि वाजायच्या आत बंद करायचे. उपाय माझ्याच पोटात होता, मित्रांनो, पण काचेला वाचा कुठली?

पिंगळीहून दूध घालणाऱ्या बायनाबाई सकाळी आल्या. गुरुजी त्यांना म्हणाले, "बाई, मासे तडफडायलेत. दुकानदार म्हणतो, मी घासून टाकला त्या चिकट्यातच पाणी शुद्ध करणारे जीव होते. नवे तयार व्हायला महिना लागतो."

बायनाबाईंनी किटली खाली ठेवली. "भांडं नवं आणलं अन् विरजणबी धुऊन टाकलं. मग दही कसं लागंल, गुरुजी? कुठं कोपऱ्यात चमचाभर राह्यलंय का बगा की."

गुरुजी सत्तरीचे, पण फरशीवर पालथे पडले आणि त्यांनी पंप बाहेर काढून सांदीत हात घातला. पिशवी निघाली, अजून तपकिरी, चिकट. निम्म्या कड्या डब्यात गेल्या, निम्म्या माझ्या मधल्या खणात. रोज थोडं पाणी बदललं, खाणं कमी केलं. दहाव्या दिवशी पाणी निवळलं आणि दोन्ही मासे गुरुजींच्या बोटापाशी आले. तेव्हा त्यांनी मुलीला फोन करून स्वतःची चूक सगळी सांगितली. मग कपाटाशी वाकून म्हणाले, "शाबास गं."

मित्रांनो, घरात नवं जरूर आणा. माझा काळा शेजारी गुणी आहे, त्याच्यामुळे माझी पाठ हलकी झाली. पण नव्याच्या कौतुकात जुन्याला घासून कोरं करू नका. आमच्या मळात कुणाचा तरी श्वास असतो.

काल शेजारच्या धम्मानंदांनी नवी टाकी मांडली. गुरुजींनी माझ्यातल्या मूठभर कड्या वाटीत घेतल्या, वर टाकीचंच पाणी ओतलं, ताटली झाकली आणि स्वतः देऊन आले. दारातून त्यांचा आवाज मला ऐकू आला, "धुऊ नका बरं का, विरजण आहे."