थकलेल्याची खोली

सकाळी अकराला धाकटा पाणबुड्या होडीवरून घरी आला, भिंतीला धरून बाकावर बसला आणि म्हणाला, "थकलोय."

वस्तीत हा शब्द ठरलेला होता. पाण्यातून वर आल्यावर पाय बधिर झाले, तरी 'थकलोय' एवढंच म्हणायचं. खरं बोलणाऱ्याला पुन्हा होडीवर कुणी घेत नसे. घरच्यांनी गरम तेल चोळायचं आणि खोलीचं दार लावून घ्यायचं.

सासूनं तेल तापत ठेवलं.

त्याच्या बायकोला मात्र दुसरंच खटकत होतं. दोन तासांत त्यानं चार तांबे पाणी संपवलं, पण लघवीला एकदाही उठला नाही.

"होत नाहीये का?" तिनं हळूच विचारलं.

"होईल. गावभर करू नकोस."

तिनं त्याच्या पोटरीत टाचणी टोचली. "दुखलं?"

"काय?"

खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. घाईनं वर आलं, की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. ते मज्जारज्जूत अडकले, की पाय जातात, लघवी अडते. तेल तिथवर पोचत नाही.

"बंदरावरच्या दवाखान्यात दाबाची टाकी आहे. आत्ताच नेते यांना."

"आल्या डॉक्टरीणबाई," सासू दारात आडवी उभी राहिली. "टाकीत गेला की होडीवरचं काम सुटलं. थोरल्यालाही आम्ही तेलच लावलं होतं."

"म्हणूनच नेते."

थोरला भाऊही पाणबुड्याच; पाय गेल्यापासून अकरा वर्षं तो होडीच्या वाटेवर दार उघडणाऱ्या मागच्या खोलीत पडून होता. त्याची बायको माहेरी गेली ती गेलीच. माझ्या गप्पांना फक्त भिंतीवरची पाल कंटाळत नाही, असं तो धाकट्याच्या बायकोला म्हणे. आता बंद दारामागून त्याचा आवाज आला, "आई, वाट सोड तिची."

लोखंडी टाकीत अठरा मीटर खोल पाण्याएवढा दाब. धाकटा तोंडाला मास्क लावून पाच तास ऑक्सिजन घेत होता. ती वाटोळ्या काचेबाहेर एकटी बसून राहिली. वस्तीतलं कुणी फिरकलं नाही. रोज एकदा असं टाकीत जावं लागे; तिसऱ्या खेपेला त्याच्या पायाचा अंगठा हलला.

तीन आठवड्यांनी तो काठी टेकत, भर रस्त्यानं घरी आला.

"थकला होता वाटतं?" शेजारणीनं विचारलं.

"नाही. पाय गेले होते," ती म्हणाली.

दुपारी ती थोरल्याचं ताट घेऊन गेली. काठीची टकटक त्यानं ऐकली होती.

"दवाखान्यात ती टाकी कधी आली गं?"

खोटं बोलता आलं असतं. तिनं ताट खाली ठेवलं. "चौदा वर्षं झाली, भाऊजी."

बाहेर सासू तेलाची वाटी घासत होती. तो आवाज थांबला.

थोरल्यानं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "जाताना दार लावू नकोस. होडीवर जाणाऱ्यांना मी दिसू दे."