सकीनाचं यान आणि आठ यंत्रं

इद्रीसचं कुवेतचं विमान उद्या दुपारी, आणि सकीनाचं यान अजून अंतराळात लटकलेलं.

सकीना म्हणजे त्याची बायको. ती रोह्याला बॅग भरत होती. पण गेममधल्या वैमानिकाला नाव द्यावं लागतं, म्हणून त्यानं तिचं दिलं आणि फसला. इंधन संपलं की सकीना कायमची गेली. तिला घरी आणायला तो सुट्टीचा अख्खा महिना रोह्याहून गाडीनं पेणला, माझ्या कॉम्प्युटर क्लासात येत होता.

इंधन मिळतं ग्रहांवर. ग्रहावर सावकाश किरण फिरवायचा, लाल ठिपका दिसला की तिथं खोदायचं यंत्र सोडायचं. यंत्रं एकूण आठ, आणि रिकामं गेलेलं परत येत नाय. किरण फिरवायलाही इंधन जळतं.

आज, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मशीन चालू केलं आणि नशीब फळफळलं. किरण न फिरवताच लाल ठिपका. पुढच्या ग्रहावर गेलो, तिथंही. त्याच जागी.

"दत्तू, ह्यात कायतरी पद्धत हाय," इद्रीस म्हणाला.

"असणारच." मास्तर मीच ना. "गेमवाल्यानं सगळीकडे माल एकाच कोपऱ्यात ठेवलाय. किरण बंद कर, नुसतं खोदत सुट."

सात ग्रहांवर सात यंत्रं सोडली. काय निघालं नाय. "खोल असेल," असं म्हणून मी आठवंही सोडायला लावलं.

तेवढ्यात क्लास झाडायला काशीमावशी आली. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि काचेवरून फिरवलं. ठिपका गायब.

"मावशी, इंधन पुसलंस गो," इद्रीस रडवेला झाला.

"कसलं इंधन? कुंकू हाय ते. काल मशीनची पूजा मीच केली."

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाय.

उरलेल्या थेंबभर इंधनावर इद्रीसनं किरण लावला. या वेळी नीट, एक पट्टा सोडून एक. तिसऱ्याच पट्ट्यात ग्रहाचा खालचा अर्धा भाग लालभडक झाला. सकीना चारदा पृथ्वीवर जाऊन येईल एवढा माल, आणि खोदायला एक यंत्र नाय.

"बायको हाय रे त्यात," तो मला म्हणाला, जसं काय मीच तिला नेऊन बसवली.

मावशीचा झाडू थांबला. "मग घरी कोण हाय?"

"तीच. बॅग भरतेय."

"मग तू हितं काय करतोस?"

रोह्याला जाणारी पाचची गाडी कासूकडे निघाल्याचा भोंगा ऐकू आला. पडद्यावरून नजर न हलवता इद्रीस म्हणाला, "सातची हाय अजून. दत्तू, हातानं खोदता येतं का बघ."