विश्वासू दिसणारा फोटो

फोटो १.

पोलिसांनी काढल्यासारखा. काढला होता बायकोने, स्वयंपाकघराच्या पांढऱ्या भिंतीसमोर, चांगल्या उजेडात, अगदी प्रेमाने.

किल्लीवाल्याचा चेहराच तसा, त्याला तो तरी काय करणार? भुवया मध्यभागी एकमेकींना भेटलेल्या, डावा डोळा अर्धवट मिटलेला, हनुवटीवर सायकलवरून पडल्याचा व्रण. माणूस लाखमोलाचा. पण लॅच लागून घराबाहेर अडकलेली बाई मोबाइलवर हा चेहरा बघायची आणि तिला वाटायचं, बाहेरच काय वाईट आहे? गेल्या महिन्यात दुकानाच्या पेजवर चारशे माणसं डोकावून गेली. फोन आला एकाचा. त्याला शेजारच्याचं दार उघडून हवं होतं. शेजारी परगावी गेलाय म्हणे.

महिनाअखेरपर्यंत फोन वाढले नाहीत, तर दुकान बंद करून मेहुण्याच्या गोदामात खोकी मोजायला जायचं, असं घरात ठरलं होतं. किल्लीवाल्याला ते नको होतं. मेहुणा त्याला 'पाहुणे' म्हणायचा, आणि तेही कुत्सितपणे.

फोटो २. हसरा.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "आता तुम्ही सुटून आल्यासारखे दिसताय."

फोटो ३. चष्मा लावून.

"शिकलेला चोर," बायको म्हणाली.

फोटो ४. शेजारचं मांजर कडेवर घेऊन.

"सोडा हो त्याला! ओलीस धरल्यासारखं वाटतंय," बायको म्हणाली.

फोटो ५. नाही. किल्लीवाला रुसून गॅलरीत जाऊन बसला होता.

फोटो ६.

"अहो, चेहरा जाऊ दे," बायको समजूत काढत म्हणाली. "काम दाखवू या. आपल्या दाराजवळ उभे राहा. तुम्ही बसवलेलं कुलूप दिसू दे."

हे त्याला पटलं. कुलूप जबरदस्त होतं, त्याने स्वतः निवडून बसवलेलं. तो बाहेर येऊन उभा राहिला, एक हात कुलपावर, मान ताठ. मोबाइल घेऊन बायको जिन्याच्या चार पायऱ्या खाली उतरली. कॉलर वाकडी दिसली म्हणून सासूबाईही लगबगीने बाहेर आल्या.

वाऱ्याने दार लागलं. खट्.

"उघडा की," बायको म्हणाली.

"हे उघडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणालाच उघडत नाही. म्हणून तर बसवलं. किल्ली आत, हत्यारांची पेटीही आत."

सासूबाईंनी निमूटपणे अंबाड्यातला आकडा काढून दिला. किल्लीवाला गुडघ्यावर बसला, डावा डोळा आणखी मिटत, जीभ बाहेर काढून कुलूप कोरू लागला. आकडा वाकला. दुसरा दिला. तोही वाकला. अंबाडा सुटला.

फोटो ७.

हा त्यांनी काढलाच नाही. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी जिन्यातून काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "ह्या माणसाला कुणी ओळखतं का??"

बायकोने लगेच उत्तर दिलं: "हो. माझा नवरा आहे."

दोन मिनिटांनी त्यांचा निरोप आला: "तुम्ही सुरक्षित आहात ना?"

शेवटी नाक मुठीत धरून बाजाराच्या टोकाच्या दुसऱ्या किल्लीवाल्याला फोन लावावा लागला. त्याच्या फोटोत गालाला खळी पडलेला, गोरागोमटा, देखणा तरुण होता. फोन तर सारखा बिझी.

जिना चढून आला तो साठीचा, फुटक्या नाकाचा, तांबारलेल्या डोळ्यांचा गडी. सासूबाई दोन पायऱ्या मागे सरकल्या.

"फोटोतले... तुम्हीच?" बायकोने विचारलं.

"छे! ते आमचे जावई. विमा विकतात." एवढं बोलेपर्यंत दार उघडलंसुद्धा. किल्लीवाल्याचा चेहरा पडला. कुणालाच न उघडणारं कुलूप!

"ही फसवणूक झाली," तो पुटपुटला. कुलपाबद्दल की फोटोबद्दल, त्यालाही कळलं नाही.

"अडकलेला माणूस फोटो बघून बोलावतो, मला बघून दचकतो, पण दार उघडून घेतोच," दुसरा पिशवी आवरत म्हणाला. "तुझ्या घरात कुणी भल्या चेहऱ्याचं नाही का रे?"

नवराबायकोच्या माना एकदमच वळल्या. सासूबाई मोकळे केस गोळा करत उभ्या होत्या. गोल चेहरा, भुवया जागच्या जागी.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "फोटोत मी आणि दारात तुम्ही, असला खोटेपणा मला चालायचा नाही. टाकायचा तर टाका. पण मग मी कामावर येणार."

फोटो ८. सासूबाई, हातात किल्ल्यांचा जुडगा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा फोन. पहिल्या ठिकाणी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली बाई दाराबाहेर रडकुंडीला आली होती. सासूबाईंना बघून तिचा जीव भांड्यात पडला. त्या हत्यारांच्या पेटीवर ऐसपैस बसल्या आणि तिच्या सासरची चौकशी करू लागल्या. किल्लीवाल्याने मान खाली घालून तीन मिनिटांत दार उघडलं.

"बरं झालं बाई, तुम्ही आलात," ती सासूबाईंना म्हणाली. मग दबक्या आवाजात, "आणि हे कोण?"

किल्लीवाला आणखी खाली वाकून हत्यारं गोळा करू लागला.

"शिकतोय अजून," सासूबाई म्हणाल्या. "हात बरा आहे त्याचा."