सदतीस अंशांचं मेण

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं गरम पाण्यातून गादी काढली, पुसून टिपकागदावर ठेवली आणि वर दोन किलोचं वजन चढवलं. गादी तळहाताएवढी, आत मेण शोषलेली सच्छिद्र सिलिकाची पांढरी पूड. मेण आता वितळलेलं होतं. गळलं, की कागदावर डाग पडणार.

ताई स्टुलावर बसून घड्याळ बघत होती. नवजात बाळांच्या वॉर्डाची ती मुख्य परिचारिका. वीज गेली की तिथल्या काचेच्या पेट्या थंड पडतात, म्हणून ही सगळी खटपट. आधीच्या दोन गाद्या गळल्या होत्या. तिसरी गळली नाही, पण एकेचाळीस अंशांवर अडून बसली, तेव्हा ताईनं ती तोंडावर परत केली होती.

"बाळं आहेत गं ती, इस्त्रीचे कपडे नव्हेत."

आज चौथी, मेण तेच, फक्त वरचं कापड जाड. वजन उचललं, कागद कोरा! पण गादीत खुपसलेल्या थर्मामीटरचा आकडा एकेचाळीस ओलांडून खाली निघाला. मेण इथंच गोठायला हवं होतं, गोठताना ऊब सोडत आकडा धरून ठेवायला हवं होतं. चाळीस. एकोणचाळीस. सदतीसला आकडा थांबला, तो तास झाला तरी हलेना.

ताईनं गादी मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहिली.

"चालेल. पळेल! मला बारा दे."

तिनं ताईला मिठी मारून गरकन फिरवलं. आनंद गगनात मावेना. पण मेण तर तेच, मग चार अंश गेले कुठं?

दाराशी प्रयोगशाळेचे जुने मदतनीस, मामा, उभे होते. चेहरा पडलेला.

"बाई, चूक झाली. गादी भरताना मी पूड शेजारच्या बरणीतली घेतली, बारीक छिद्रांची. दोन्ही पांढऱ्या, लक्षातच आलं नाही."

ती मटकन खुर्चीत बसली. चिंचोळ्या छिद्रांत कोंडलेलं मेण कमी तापमानाला गोठतं, हे ती दरवर्षी घसा कोरडा पडेपर्यंत शिकवत आली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तिनं वही ओढून लिहिलं, 'अपेक्षेप्रमाणे'. पेन थबकलं. मग तो शब्द तिनं खोडला.

"मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"मेमो देताय, बाई?"

"सांगा तर."

बारा वर्षांत तिनं ते कधी विचारलंच नव्हतं. मामांनी हात पुसले आणि वडिलांच्या नावासकट ते सावकाश सांगितलं. तिनं ते संशोधकांच्या रकान्यात लिहिलं, आणि त्याखाली आपलं.