आत्याची हजेरी

आमच्या काकांनी बत्तीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. निवृत्त झाल्यावर माणूस झाडांना पाणी घालतो, गुडघ्यांची तक्रार करतो. काकांनी घरातल्या फोटोंचं रेकॉर्ड करायला घेतलं. तीन ट्रंका जुने फोटो होते. रोज पाच फोटो स्कॅन करून ते घरच्या ग्रुपवर टाकायचे आणि खाली लिहायचे, ‘तळ्याकाठची सहल. हजर : नऊ.’

सगळे फोटो टाकून झाले आणि एका रविवारी काकांनी हजेरीपत्रकच टाकलं. काका पहिले, चारशे बारा फोटोंत हजर. बाबा तीनशे नव्वद. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचीसुद्धा एकोणीस वेळा नोंद होती. सगळ्यात खाली आत्या : शून्य. त्याखाली सूचना : ‘शून्य हजेरी असलेल्यांना एक तारखेला ग्रुपमधून कमी करण्यात येईल.’

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन लावला.

“काका, हे सगळे फोटो आत्यानेच काढलेत.”

“असं तू म्हणतेस. फोटोत कुठे दिसतंय?”

“मग काढले कुणी?”

“त्याची नोंद नाही,” काका शांतपणे म्हणाले.

काकांचं एक वेळ सोडा, घरातली बाकीची शहाणी माणसंही माना डोलवायला लागली. बाबा म्हणाले, “दादाने नीट बघितलंच असेल.” माझी चुलत बहीण म्हणाली, “माझ्या लग्नात आत्या होती का गं? फोटोत तर नाही.” तिच्या लग्नात आत्या चार तास खुर्चीवर उभी राहून फोटो काढत होती आणि उतरताना पडलीही होती.

आत्या एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहते. सकाळी चहा ठेवायच्या आधी ती ग्रुप उघडते आणि प्रत्येक फोटोखाली ‘छान’ लिहिते. तिचं बोलणं म्हणाल तर तेवढंच. ते बंद झालं तर ही बाई दिवसभर कुणाशी बोलणार? मी गेले तेव्हा ती फोन तळहातावर धरून बसली होती.

“दादाचं बरोबर असेल,” ती म्हणाली. “एवढ्या फोटोंत एकदा तरी दिसले असते ना मी.”

“आत्या, वेड लागलंय का तुला? तू कॅमेऱ्यामागे होतीस.”

“तेच तर. म्हणजे तिथे नव्हतेच.” मग ती जरा ओशाळून म्हणाली, “बोट मात्र यायचं माझं. दादा केवढा ओरडायचा.”

बरोबर. आमच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आत्याचं बोट असायचं. त्यावरून लहानपणी आम्ही तिला किती चिडवलंय. पण ग्रुपवरच्या एकाही फोटोत ते नव्हतं. मी आत्याला रिक्षात घातलं आणि थेट काकांचं घर गाठलं.

“दोष होता तो,” काका अभिमानाने म्हणाले. “स्कॅन करण्याआधी प्रत्येक फोटोतून कात्रीने कापून काढला.”

“आणि तुकडे?”

काकांच्या मनाला हा प्रश्नच लागला. “रेकॉर्डमधलं कधी काही फेकतात का?”

त्यांनी कपाटातून एक जाड पाकीट काढलं. आत सहाशे अकरा बोटं होती. प्रत्येकामागे तारीख आणि शिक्का.

आम्ही ती जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडली. आधी शाई लागलेलं कोवळं बोट. मग नेलपॉलिश उडालेलं. मग पट्टी बांधलेलं. “तुझ्या बाबांनी दारात चेमटवलं होतं,” आत्या म्हणाली. मग कणीक लागलेलं, कारण फोटोसाठी हिला स्वयंपाकातून हाक मारायचे. शेवटी सांध्यात वाकलेलं, सुरकुतलेलं. काका भिंग घेऊन एकेक तुकडा आत्याच्या बोटाशी ताडून बघत होते. तीन तास गेले. मध्येच त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“हेच बोट धरून मी हिला शाळेत न्यायचो,” ते म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. मग त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, “जिथे बोट, तिथे ही हजर.” नव्या पत्रकात आत्या सहाशे अकरा, सगळ्यात वर. काका दुसरे.

त्या आनंदात पुढच्या रविवारी सगळे काकांकडे जमले. आत्याला पहिल्यांदाच मधोमध बसवलं. हातांचं काय करावं ते तिला कळेना. फोटो मी काढला आणि न बघताच ग्रुपवर टाकला. माझं बोट आलं होतं, नेमकं आत्याच्या तोंडावर.

काकांची नोंद लगेच आली : ‘हजर : तेवीस. पैकी आत्या बोटावरून.’

मी फोन लावला. “काका, ते बोट माझं आहे.”

“नियमाप्रमाणे बोट म्हणजे आत्या.”

“आणि मी?”

“तुझी नोंद नाही.”

मी हसत हसत आईला हे सांगितलं. “तू आली होतीस का रविवारी?” ती म्हणाली. “मला नीटसं आठवत नाही गं.”

माझं हसणं तिथेच थांबलं. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर नाही, फक्त मला, आत्याचा मेसेज होता. ‘छान’पेक्षा मोठं तिने पहिल्यांदाच काही लिहिलं होतं :

‘तू होतीस. मी समोरून बघत होते.’