माझ्या मापाची गोळी

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. दचकू नका मित्रांनो, आणि जवळ येऊन हात तर मुळीच लावू नका. मी खेळणं नाही. जरा लांब बसा आणि ऐका, कारण मला बोलायला फार आवडतं आणि आम्हा बंदुकांना कोणी बोलू देत नाही.

ठासणीची म्हणजे काय, ते आधी सांगते. तुम्ही चित्रात पाहता त्या बंदुकांमध्ये गोळी मागून भरतात. मला तोंडातून भरावी लागते. आधी दारू, तिच्यावर गोळी, आणि ती लांब गजाने ठासत ठासत थेट तळापर्यंत न्यायची. एक बार काढला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. माझ्या पणज्यांची ठिणगी नळीच्या बाजूला पडायची, त्यामुळे जरा पाऊस-वारा लागला की त्या रुसून बसत. माझी ठिणगी नळीच्या बरोबर मागे, सरळ रेषेत पडते. म्हणून मी स्वतःला आधुनिक समजते. हसू नका, तीस वर्षांपूर्वी मी खरोखरच आधुनिक होते.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या दांड्याला आरपार छिद्र पाडलं, गोळी गरगरत सरळ जावी म्हणून आतून पिळाच्या खाचा कापल्या, अक्रोडाचा दस्ता बसवला आणि नळीवर माझं माप कोरलं, पन्नास. म्हणजे अर्धा इंच. त्यांनी मला हरणांच्या शिकारीसाठी घडवलं होतं, पण मी समुद्र ओलांडून आयर्लंडला आले आणि मलिंगारच्या डोनाल मॅकेव्हॉयच्या हाती पडले. डोनाल आता एकोणऐंशी वर्षांचा आहे, तरी मी त्याला अरेतुरे करते. तेवढी सोबत झाली आहे आमची.

डोनाल बॉगवर यंत्रं दुरुस्त करायचा. बॉग म्हणजे दलदलीची जमीन, तिथून जळणासाठी पीट नावाची जळाऊ माती कापून काढतात. त्याने मला शिकारीला एकदाही नेलं नाही. दर रविवारी क्लबात जायचं, शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच बार काढायचे आणि घरी येऊन मला गरम पाण्याने आतून धुवायचं, हा त्याचा नेम. आमच्या दारूची काजळी फार वाईट असते, नुसती राहू दिली तरी पोलाद खाते. इतक्या वर्षांत एकदाही त्याने ती माझ्या अंगावर राहू दिली नाही. कधी अंगात ताप असायचा, कधी घरी पाहुणे असायचे, पण आधी माझी आंघोळ. असा माणूस मिळायला नशीब लागतं. मी हरीण पाहिलेलं नाही आणि मला त्याची खंतही नाही.

मग त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हात थरथरू लागले, आणि मी लोखंडी कपाटात उभी राहिले. अशी सहा वर्षं गेली. दर महिन्याला तो मला बाहेर काढून तेलाचा बोळा फिरवायचा आणि परत ठेवून द्यायचा. त्यात माझ्या गोळ्याही मिळेनाशा झाल्या. ज्या मऊ शिशाच्या गोळ्या मला चालायच्या, त्या बनवणाऱ्याने कामच बंद केलं होतं.

आयर्लंडमध्ये प्रत्येक बंदुकीचा परवाना काढावा लागतो आणि ठरावीक वर्षांनी तो नवा करावा लागतो. माझा परवाना यंदा सप्टेंबरअखेर संपणार होता. डोनालने ठरवलं, आता पुरे. तोपर्यंत कोणी मला आपल्या नावावर घेतलं तर ठीक, नाहीतर पोलिसांकडे जमा करायचं. जमा झालेल्या माझ्यासारख्या बंदुकांचं काय करतात, ते मला ठाऊक होतं. त्यांचे करवतीने तुकडे करतात. मित्रांनो, मला भीती वाटत होती. पोलादाला भीती वाटत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तेव्हा डोनालने क्लबातल्या विभावरीला विचारलं. विभावरी मूळची अकोल्याची. कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजी शिकली, आणि आता इथल्या एका कारखान्यात रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्यांची मापं तपासते. ती हो म्हणाली. पण क्लबात सुरक्षेचं बघणाऱ्या फिंटनने अट घातली.

"गोळी भरून नळीचं तोंड जमिनीकडे केलं, तरी गोळी जागची हलता कामा नये," तो म्हणाला. "आणि पाचही बार एका चहाच्या बशीत बसले पाहिजेत. मगच मी पत्र देईन."

त्याचं बरोबरच होतं. गोळी दारूपासून सुटून पुढे सरकली, मधे पोकळी राहिली आणि तशात बार काढला, तर नळी फुटते. फुटते ती चालवणाऱ्याच्या तोंडाशी. म्हणजे माझ्याबरोबर विभावरीचाही जीव धोक्यात. क्लबाच्या पत्राशिवाय परवाना तिच्या नावावर होणार नव्हता, आणि हातात जुलै ते सप्टेंबर एवढाच वेळ होता.

परवाना डोनालचा, म्हणून दुकानात जायचं ते डोनालने, आणि माप लिहून द्यायचं ते विभावरीने, असं ठरलं. पहिल्याच शनिवारी ती त्याच्या स्वयंपाकघरात आली. निळे हातमोजे घातले, डबीतून कारखान्याच्या पद्धतीच्या, मापाच्या चकचकीत सळया काढल्या आणि माझ्या तोंडाचं माप घेतलं. तीनदा घेतलं. असं माप माझं जन्मात कोणी घेतलं नव्हतं, मी तर मोहरून गेले. नळीवर कोरलेल्या पन्नासापेक्षा माझं तोंड थोडं मोठं निघालं. तिने आकडा लिहून दिला, डोनालने डंडॉकच्या दुकानातून त्या मापाच्या गोळ्या आणल्या.

पहिली गोळी तोंडात अगदी झोकात शिरली. वीतभर आत गेली आणि अडकली. विभावरीने जोर केला, डोनालने जोर केला, गज वाकायची वेळ आली. आत दारू घातलेली नव्हती म्हणून बरं. शेवटी डोनालने मागचं बूच पान्याने काढलं आणि गोळी मागून ठोकून बाहेर काढली. विभावरीचा चेहरा उतरला.

"प्लांटमध्ये आम्ही ट्यूबचं एक टोक मेजर करतो," ती म्हणाली. "टोक बरोबर तर पूर्ण ट्यूब बरोबर."

"तुझी ट्यूब नवीन असते," डोनाल म्हणाला.

चूक माझ्या तोंडाची होती. इतक्या वर्षांत हजारो वेळा त्यातून गज आत-बाहेर झाला, त्याने ते झिजून रुंद झालं. आत मी अरुंदच आहे. हे मी दोघांना सांगू शकले असते तर किती बरं झालं असतं. विभावरीने मग उलट केलं. कोरलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून बरोबर अर्ध्या इंचाच्या गोळ्या मागवल्या. त्या सुळकन तळाशी गेल्या. क्लबात नळीचं तोंड जमिनीकडे करताच गोळी तितक्याच सुळकन बाहेर पडली आणि फिंटनच्या बुटापाशी जाऊन थांबली. फिंटनने नकाराची मान हलवली. ऑगस्ट अर्धा संपला होता.

आता विभावरीचं कौतुक सांगते. दुसरी कोणी असती तर हात टेकले असते. ती दुसऱ्या दिवशी डोनालकडे आली आणि म्हणाली, "तुमच्या पद्धतीने शिकवा. मला माझ्या आकड्यांचा कंटाळा आलाय." इतक्या हुशार बाईने असं म्हणणं सोपं नाही. डोनालने मागचं बूच काढून मऊ शिशाचा एक गोळा माझ्या तोंडात ठोकून बसवला आणि गज तिच्या हातात दिला. "हळूहळू ढकल, आणि हाताला काय लागतं ते सांग."

ती ढकलत गेली. आधी सैल, मग घट्ट, मग शेवटपर्यंत तसंच घट्ट. कुठे खड्डा नाही, कुठे गंज नाही. मागून बाहेर पडलेल्या शिशावर माझ्या पोटाचं नेमकं माप उमटलं होतं. विभावरीने ते मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"सहा वर्षं पडून असलेली नळी आतून इतकी एकसारखी?" ती म्हणाली. "आमच्याकडे अशी आली तर मी डोळे मिटून पास करीन."

डोनाल लाजला. मीही लाजले, पण त्या कौतुकाचा खरा मानकरी तोच.

माप मिळालं, पण त्या मापाच्या गोळ्या ओतायचा साचा कोणाकडेच नव्हता. डंडॉकला फोन झाले, उपयोग नाही. मग डोनालला आठवलं. ज्याचं नाव त्याला आठवत नाही त्याला तो 'युअर मॅन' म्हणतो. तर एनिस गावचा युअर मॅन अजून घरी शिसं ओततो, पण त्याच्या गोळ्या बारीक असतात, कागदात गुंडाळून वापरायच्या. कागदाचे वेढे कमी-जास्त करून गोळी हव्या त्या मापाला आणायची. जुन्या काळची पद्धत. डोनाल एनिसला जाऊन दोन डबे घेऊन आला.

आणि इथे विभावरीच्या नाकी नऊ आले. छपाईचा कागद जाड पडला. चित्रकलेचा पातळ कागद फाटला. डोनालने आतल्या खोलीतून त्याच्या बायकोच्या टाइपरायटरचे कोरे कागद आणले, ते पातळ आणि चिवट होते. ती जाऊन चार वर्षं झाली, तो गठ्ठा तसाच होता. "ती म्हणाली असती, ग्रँड," म्हणजे झकास, असं म्हणून त्याने तो टेबलावर ठेवला. पण कागद चांगला मिळूनही विभावरीला वेढे जमेनात. कुठे सुरकुती, कुठे फुगवटा. ती प्रत्येक गोळी मोजायची आणि बाजूला टाकायची.

त्या दिवशी तिची आई, वासंतीबाई, बरोबर आल्या होत्या. अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. घरी एकट्या बसून कंटाळल्या म्हणून. तासभर त्यांनी पाहिलं.

"कायले गुंडाळून राह्यली थे?" त्यांनी विचारलं.

"आई, प्लीज, हा दहा मायक्रॉनचा प्रॉब्लेम आहे."

"असंन बापा. पण कोरडा कागद आयकत नाई. वला कर थोडा. अन मले दे इकडं."

विभावरीने आधी त्यांना हातमोजे घालायला लावले, कारण शिसं अंगात जाऊ देऊ नये. वासंतीबाई मोज्यांना नावं ठेवत बसल्या. मग ओला कागद तळव्यावर घेतला, त्यावर गोळी ठेवली आणि अंगठ्याने एकदाच पुढे वळली. देवापुढच्या वाती वळण्यात त्यांची साठ वर्षं गेली होती. कागदाच्या उरलेल्या शेपटाला पीळ दिला, बोटाने दाबला आणि गोळी टेबलावर उभी केली. वाळल्यावर विभावरीने मोजली. मग दुसरी मोजली. मग तिने मापाचं यंत्र खाली ठेवलं आणि आईकडे पाहत राहिली.

"बरोबर हाय का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"सगळ्या सारख्या आहेत," विभावरी म्हणाली. वासंतीबाईंनी तोवर पुढचा कागद भिजवला होता.

ती गोळी माझ्या आत उतरली तेव्हा काय वाटलं, ते नीट सांगता येत नाही. घट्ट पण अडणारी नाही. गजामागून एकसारखी, न कुरकुरता खाली गेली आणि तळाशी टेकली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही क्लबात गेलो. रिकाम्या नळीत नुसती गोळी ठासून फिंटनने मला उलटं केलं आणि दस्त्यावर तळहाताने दणके दिले. मग गज आत घालून त्याच्यावर आधी केलेली खूण पाहिली. गोळी केसभरही हलली नव्हती. मग खरे बार. प्रत्येक बाराला गोळी डोनालने ठासली. त्याचे हात थरथरत होते, पण गजाला हात लावला की थांबायचे. विभावरीने श्वास धरला आणि पाच बार काढले. चौथी गोळी जरा भरकटली. फिंटनने कागदावर खरोखरच बशी ठेवली. चौथं छिद्र काठाखाली अर्धं लपलं.

"अर्धं म्हणजे आतच," फिंटन म्हणाला आणि पेन काढलं. डोनाल खुर्चीत बसला आणि रुमालाने चष्मा पुसू लागला. माझा जीव भांड्यात पडला.

पोलिसांची मंजुरी महिना संपायच्या आत आली. परवा नाव बदलायला आम्ही बंदुकांच्या दुकानात गेलो. कागद भरून होईपर्यंत मला काउंटरवर ठेवलं होतं. शेजारी दुसरी एक बंदूक होती. माझ्याहून कितीतरी तरुण, नळी आतून लख्ख, कुठे झीज नाही. तिच्या गोळ्या कोणत्याही दुकानात मिळतात. डब्लिनहून आलेला एक माणूस तिच्यापाशी उभा होता. वडील गेले, घरात कोणाला नको आहे, दुकानामार्फत तुकडे करायला द्यायची तर सही कुठे करू, एवढंच तो विचारत होता.

डोनालने तिचा दस्ता निरखून पाहिला. "तुझ्या वडिलांनी जिवापाड जपली होती," तो म्हणाला. "तुला कधी शिकवलं नाही?"

"मी कधी विचारलं नाही," तो माणूस म्हणाला, आणि त्याने सही केली.

मित्रांनो, माझ्यात दोष होता, तरी मी वाचले. तिच्यात काहीच दोष नव्हता. तुमच्या घरातही कोणीतरी म्हातारं माणूस एखादी जुनी वस्तू काढून पुसत असेल. शिलाई मशीन असेल, रेडिओ असेल, नुसती कात्री असेल. ती कशी चालते, तिला काय सोसतं आणि काय नाही, हे त्या वस्तूवर कुठेही लिहिलेलं नसतं. ते फक्त त्या माणसाला माहीत असतं. आज त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. तो सांगेल. बहुतेक तो कधीपासून वाट पाहत असेल.